यंत्राचे १२ तास, घराचे १५६ तास
मूत्रपिंडविकार आणि डायलिसिसवरील रुग्णाची शुश्रूषा

आठवड्याचे तास १६८. निरोगी मूत्रपिंडे हे सर्व तास, आपल्या नकळत, रक्त गाळीत असतात. ती निकामी झाली की त्यांचे काम यंत्राकडे येते. परंतु यंत्र रुग्णाच्या वाट्याला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास येते. म्हणजे १२ तास. उरलेल्या १५६ तासांत शरीरात साचणारे पाणी, मीठ आणि दूषित द्रव्ये यांचा हिशेब रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी ठेवायचा असतो. डायलिसिसवरील एक रुग्ण वर्षानुवर्षे बऱ्यापैकी जगतो आणि दुसरा वारंवार इस्पितळात दाखल होतो, यामागे आजाराची तीव्रता, वय आणि अन्य व्याधी जशा असतात, तसा या १५६ तासांचा कारभारही असतो. तो नीट कसा चालवावा, याची माहिती येथे एकत्र दिली आहे.

मूत्रपिंडे काय करतात

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सर्व भाग शरीराला परत देऊन एक ते दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. रक्तदाबाचे नियमन, रक्तातील पोटॅशियम व आम्लता यांचा तोल, हाडांसाठी आवश्यक असलेले ड जीवनसत्त्व सक्रिय करणे आणि तांबड्या पेशी तयार करण्याचा संदेश देणारे एरिथ्रोपोएटिन निर्माण करणे, हीही कामे त्यांचीच. म्हणूनच मूत्रपिंडे खालावली की लघवीच्या तक्रारींच्या आधी अनेकदा रक्तक्षय, थकवा, हाडांचे दुखणे किंवा न आवरणारा रक्तदाब दिसू लागतो.

हा बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर त्यास दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. रक्तातील क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून गाळण्याचा वेग काढला जातो आणि त्यानुसार आजाराच्या पाच पायऱ्या ठरतात. वेग ९० किंवा त्याहून अधिक असून मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या खुणा असतील तर पहिली, ६० ते ८९ दुसरी, ३० ते ५९ तिसरी, १५ ते २९ चौथी आणि १५ पेक्षा कमी असल्यास पाचवी पायरी. केवळ क्रिएटिनिनवर विसंबून राहणे मात्र फसवे ठरते. मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी शक्ती संपेपर्यंत काही जणांत ते मर्यादेतच दिसते. लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी त्याच्या जोडीने झाली, तर आजार कितीतरी आधी पकडता येतो.

तपासणी कोणी करावी

मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही या आजाराची दोन सर्वांत मोठी कारणे. या दोहोंपैकी काहीही असलेल्या व्यक्तीने वर्षातून एकदा तरी रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. घरात कोणाला मूत्रपिंडविकार असणारे, वारंवार मुतखडा होणारे आणि सांधेदुखीसाठी दीर्घकाळ वेदनाशामक गोळ्या घेणारे यांनाही हाच नियम लागू.

गोमंतकात आणखी एका गटाचा उल्लेख अवश्य करावा लागतो. काणकोण तालुक्यात मधुमेह वा रक्तदाबाचा इतिहास नसलेल्या व्यक्तींमध्येही मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे अनेक वर्षे दिसून आले आहे. बिट्स पिलानीच्या गोवा संकुलातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील भूजलातील सिलिका आणि शिसे यांच्याकडे लक्ष वेधले. आंध्र प्रदेशातील उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग आणि मध्य अमेरिकेतील ऊसमळे येथेही असाच आजार आढळतो. अशा भागात राहणाऱ्यांनी लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

ऱ्हास लांबवता येतो

पहिल्या चार पायऱ्यांवर उपचारांचा हेतू एकच असतो : पाचवी पायरी शक्य तितकी दूर ठेवणे. बहुतेकांसाठी रक्तदाब १३०/८० च्या खाली राखणे, साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखू व धूम्रपान सोडणे आणि दिवसभरातील एकूण मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याच्या आत आणणे हा त्याचा पाया. लघवीतून जाणारी प्रथिने कमी करणारी रक्तदाबाची काही औषधे आणि मूळची मधुमेहासाठी आलेली ग्लिफ्लोझिन वर्गातील औषधे ऱ्हासाचा वेग मंदावतात. ती घेत असताना क्रिएटिनिन किंचित वाढल्यास घाबरून परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडाला इजा करतात. घटक न लिहिलेली चूर्णे, भस्मे आणि काढे यांचेही तसेच. ‘झाडपाल्याचे औषध आहे, अपाय काय होणार’ या समजुतीपायी चौथ्या पायरीवरचे रुग्ण काही आठवड्यांत पाचव्या पायरीवर गेल्याचा अनुभव मूत्रपिंडतज्ज्ञांना नवा नाही. मूत्रपिंडे मंदावली की इन्सुलिन शरीरात अधिक वेळ टिकते, हेही ध्यानी ठेवावे. पूर्वीचाच डोस चालू राहिला तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मधुमेह ‘आपोआप सुधारला’ असे वाटू लागले, तर मूत्रपिंडांची तपासणी करावी.

डायलिसिसची पूर्वतयारी

गाळण्याचा वेग २० च्या आसपास आला की तयारीला लागावे. पहिली तयारी हाताची. डायलिसिससाठी रक्त मिनिटाला २०० ते ४०० मिलिलिटर या वेगाने यंत्रात न्यावे लागते आणि साध्या शिरेतून ते येत नाही. त्यासाठी हातातील धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडतात. यास फिस्टुला म्हणतात. ही जोडणी वापरण्याजोगी होण्यास निदान सहा ते आठ आठवडे, कधी काही महिने लागतात. ती आधी केलेली नसेल तर ऐनवेळी मानेत नळी घालावी लागते आणि त्या नळीवाटे रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका मोठा असतो.

यासाठी चौथ्या पायरीपासूनच, सहसा कामाचा नसलेला म्हणजे बहुतेकांचा डावा हात राखून ठेवावा. त्या हातातून रक्त काढू देऊ नये, त्यात सलाईन लावू देऊ नये. दुसरी तयारी लशीची. हिपॅटायटिस-बीची लस डायलिसिसच्या रुग्णांना नेहमीपेक्षा दुप्पट मात्रेत द्यावी लागते. ती जितकी लवकर घ्यावी तितकी अधिक लागू पडते.

पाण्याचा हिशेब : पेजही पाणीच

लघवी कमी झालेल्या रुग्णाने प्यालेले पाणी पुढील डायलिसिसपर्यंत अंगातच राहते. पायांवर सूज येते, रक्तदाब वाढतो, फुप्फुसात पाणी उतरून धाप लागते. सर्वसाधारण हिशेब असा : २४ तासांत जितकी लघवी होते, तितके आणि वर सुमारे अर्धा लिटर. नेमका आकडा प्रत्येकाच्या डॉक्टरांनी ठरवावा. दोन डायलिसिसमधील वजनवाढ कोरड्या वजनाच्या, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनाच्या, चार टक्क्यांच्या आत राहावी. ५० किलोच्या माणसासाठी ही मर्यादा दोन किलो. त्याहून अधिक पाणी चार तासांत खेचून काढावे लागले तर रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात आणि हृदयावर ताण पडतो.

आपल्या घरांत चूक होते ती मोजदादीत. आजारी माणसाला उकड्या तांदळाची पेज देणे ही आपली रीत. परंतु पेज हे पाणीच आहे. हुमण, सोलकढी, ताक, चहा, आइस्क्रीम आणि औषधाबरोबरचे घोट हे सारे हिशेबात धरावे लागते. पेजेसोबत खारे सुंगट आणि लोणचे आले की मिठाने तहान वाढते आणि तहानेने पाणी. म्हणून पाणी आवरण्याचा खरा उपाय मीठ आवरणे हाच. सकाळी दिवसभराचे पाणी एका बाटलीत भरून ठेवावे आणि पेज, चहा, कढी जे घेतले असेल तितके त्या बाटलीतून ओतून कमी करावे. एप्रिल-मेच्या घामाच्या दिवसांत बर्फाचा लहान खडा चघळणे, चूळ भरून टाकणे, लिंबाची फोड जिभेला लावणे यांनी तहान भागते. रोज सकाळी, लघवीनंतर, एकाच वजनकाट्यावर वजन करून वहीत लिहावे.

ताटातील गोष्टी

पोटॅशियम हा डायलिसिसच्या रुग्णाचा सर्वांत गुप्त वैरी. रक्तात ते वाढले तर स्नायू गळून जातात, नाडी मंदावते आणि पूर्वसूचनेविना हृदय थांबू शकते. शहाळे इतरांना हितकर. पण एका शहाळ्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असू शकते. केळी, आंबा, फणस, काजू, टोमॅटो, बटाटा, कणगे, पालेभाज्या यांतही ते भरपूर असते. चतुर्थीचे खतखते कंदमुळांचे असल्याने त्याचा एखादाच घास, तोही डॉक्टरांना विचारून. कंद व भाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडाव्यात आणि ते पाणी फेकून द्यावे. पोटॅशियमचा बराच भाग त्यासोबत जातो. दुधी, दोडका, कोबी, काकडी आणि फळांत सफरचंद, अननस हे तुलनेने बरे, मात्र प्रमाणातच. ‘लो सोडियम’ म्हणून विकले जाणारे मीठ घरात आणू नये; त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते.

परसातील दोन आंबट फळांविषयी स्वतंत्र इशारा आवश्यक आहे. कापल्यावर चांदणीसारखी फोड दिसणारे करमल मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाला विषासमान आहे. त्यातील एक द्रव्य मूत्रपिंडांवाटे बाहेर न पडल्याने मेंदूवर परिणाम करते. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके आणि मृत्यूही ओढवल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. त्याच कुळातील बिंबलात ऑक्झलेट फार असते. बिंबलाचा रस प्यायल्याने धडधाकट माणसांची मूत्रपिंडे बिघडल्याच्या घटना केरळमध्ये नोंदल्या गेल्या आहेत. या दोन्ही फळांचा रस, लोणचे वा कोशिंबीर रुग्णाच्या ताटात येऊ देऊ नये.

फॉस्फरस वाढल्याने अंगाला खाज सुटते, हाडे ठिसूळ होतात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते. पाकीटबंद पदार्थ, प्रक्रिया केलेले मांस आणि काळी शीतपेये यांतील फॉस्फरस सर्वांत सहज शोषला जातो. ते आधी बंद करावेत. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या जेवणाच्या घासाबरोबरच घ्यायच्या असतात. जेवणानंतर तासाभराने घेतलेली गोळी वाया जाते.

प्रथिनांबाबत घरांत उलटा गोंधळ आढळतो. डायलिसिसपूर्वीच्या टप्प्यावर प्रथिने आवरायची असतात, दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र ती १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढवावी लागतात, कारण यंत्रातून प्रथिनांचे घटक वाहून जातात. जुनेच पथ्य चालू ठेवलेला रुग्ण खंगत जातो. अंड्यातील पांढरे आणि ताजी मासळी यांतून ही गरज चांगली भागते. सुकी मासळी मात्र मिठामुळे वर्ज्य. साखर उतरली तर संत्र्याचा रस वा शहाळे न देता साखर किंवा ग्लुकोज द्यावे.

हाताची निगा

फिस्टुला असलेल्या हाताची रोज सकाळ-संध्याकाळ बोटांनी पाहणी करावी. तेथे मांजर गुरगुरल्यासारखी थरथर जाणवली पाहिजे. ती थांबली तर रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी डायलिसिस केंद्र गाठावे. या हातावर रक्तदाब मोजू नये, सुई टोचू देऊ नये, घट्ट बांगड्या वा घड्याळ घालू नये, जड पिशवी लटकवू नये आणि हात उशाखाली घेऊन झोपू नये. डायलिसिसपूर्वी हात साबणाने धुवावा. घरी आल्यावर सुईच्या जागेतून रक्त येऊ लागले, तर स्वच्छ कापडाने नेमक्या त्या जागी बोटांनी दाब देऊन हात उंच धरावा. पंधरा मिनिटांत थांबले नाही किंवा रक्ताची चिळकांडी उडू लागली, तर दाब न सोडता १०८ ला दूरध्वनी करावा.

मानेत नळी असलेल्याने त्यावरील पट्टी भिजू देऊ नये. अंघोळीत डोक्यावरून पाणी घेऊ नये. नळी केंद्राबाहेर कोणालाही उघडू देऊ नये. थंडी वाजून ताप आला तर ‘हवामानाचा ताप’ म्हणून पॅरासिटामॉल देत बसू नये; नळीतील जंतू रक्तात शिरल्याची ती खूण असू शकते.

डायलिसिस चुकवू नये

एका डायलिसिसमध्ये रुग्णाच्या रक्ताशेजारून सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी वाहून जाते. एवढे करूनही हे काम निरोगी मूत्रपिंडांच्या कामाचा एक लहानसा अंशच असते. चार तासांऐवजी तीनच तास बसणे, बरे वाटते म्हणून एक डायलिसिस गाळणे यांची किंमत म्हणूनच मोठी असते. तीन डायलिसिसच्या वेळापत्रकात आठवड्याला एकदा दोन दिवसांचा लांब खंड पडतो. हृदयविकाराचे आणि मृत्यूचे प्रमाण त्या खंडाच्या अखेरीस सर्वाधिक असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. रविवारच्या जेवणावर, लग्नसराईत आणि चतुर्थी-शिगम्याच्या दिवसांत त्यामुळेच अधिक लक्ष ठेवावे. पावसात रस्ता बंद पडण्याचा किंवा बंदचा सुगावा लागला तर केंद्राला आधी कळवून वेळ पुढे-मागे करून घ्यावी आणि तोवर पाणी व पोटॅशियम अधिक कडकपणे आवरावे.

त्या दिवशी सकाळी रक्तदाबाची गोळी घ्यावी की नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. डायलिसिस चालू असताना भरपेट खाल्ल्यास रक्तदाब उतरू शकतो. परतताना रुग्णाने एकट्याने दुचाकी चालवू नये. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेले असते. त्या दिवशी दात काढणे किंवा स्नायूत इंजेक्शन घेणे टाळावे.

तत्काळ इस्पितळात न्यावे अशी लक्षणे

झोपल्यावर वाढणारी धाप, छातीत दुखणे, अंग अचानक गळणे वा नाडी मंद होणे, थंडीसह ताप, न थांबणारा रक्तस्राव, बरळणे, झटके किंवा एका अंगातील शक्ती जाणे. यांपैकी काहीही दिसल्यास पुढील डायलिसिसच्या दिवसाची वाट पाहू नये. रुग्ण डायलिसिसवर आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि अखेरचे डायलिसिस केव्हा झाले तेही.

अन्य मार्ग

केंद्रापासून दूर, सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या आतील गावांत राहणाऱ्यांसाठी पोटाच्या डायलिसिसचा पर्याय विचारून पाहावा. यात पोटात कायमची नळी बसवून दिवसातून तीन-चार वेळा सुमारे दोन लिटर द्रव भरतात आणि काही तासांनी काढतात. हे घरीच करता येते. हात धुण्याची आणि स्वच्छतेची शिस्त मात्र काटेकोर हवी. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला तर पोटात संसर्ग झाल्याचे समजून लगेच केंद्र गाठावे.

योग्य रुग्णासाठी प्रत्यारोपण हा सर्वांत चांगला उपचार. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आणि त्यातील २०११ ची दुरुस्ती यांनुसार आई-वडील, मुले, भावंडे, पती-पत्नी, आजी-आजोबा व नातवंडे हे निकटचे आप्त मूत्रपिंड देऊ शकतात. मृत दात्याकडून मूत्रपिंड मिळण्यासाठी प्रतीक्षायादीत नाव घालावे लागते. त्यासाठीची वयोमर्यादा आणि अधिवासाची अट २०२३ साली काढण्यात आली. यासंबंधीची चौकशी बांबोळीच्या गोमेकॉत करता येते. दाता शोधताना एक गोष्ट विसरू नये. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक आहेत. घरातील सुनेला वा पत्नीला गृहीत न धरता तिला मोकळेपणाने नाही म्हणण्याची संधी असली पाहिजे.

अतिवृद्ध आणि अनेक व्याधींनी जर्जर झालेल्या रुग्णाने डायलिसिस न घेता धाप, खाज, वेदना यांवर उपचार घेत राहण्याचा मार्ग निवडला, तर तोही वैद्यकीयदृष्ट्या मान्य मार्ग आहे. हा निर्णय रुग्णाला विचारून, तो बोलू शकतो तोवरच घ्यावा.

खर्च आणि सोय

केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला. त्याच वर्षी गोव्यात दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना आली. गोमेकॉबरोबरच म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा इस्पितळांतही डायलिसिस होते. योजनेचे कार्ड, आधार, जुने अहवाल आणि औषधांची यादी एका पिशवीत नेहमी तयार ठेवावी. आपल्या घराजवळचे केंद्र आणि योजनेत बसणारे उपचार यांची चौकशी इस्पितळातील समाजसेवा विभागात करावी. खर्चाचा अंदाज करताना प्रवास आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजंदारी हीही धरावी. अनेक घरे मोडतात ती याच खर्चाने.

शुश्रूषा करणाऱ्याचे काय

आठवड्यातून तीनदा इस्पितळ, रोजचे वेगळे रांधप, औषधांचे वेळापत्रक आणि रुग्णाची चिडचिड हा भार बहुधा एकाच व्यक्तीवर पडतो, आणि ती व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते. तो वाटून घ्यावा. वजनाची वही एकाने, औषधे दुसऱ्याने, प्रवासाची सोबत तिसऱ्याने सांभाळावी. सर्वांच्याच जेवणात मीठ कमी केले तर वेगळे रांधावे लागत नाही आणि रुग्णाला आपण ताटाबाहेर पडल्यासारखे वाटत नाही. रुग्णाला झेपेल ते काम, मग ते दुकानाचा हिशेब असो वा नातवाचा अभ्यास, त्याच्याकडेच राहू द्यावे. जेवण टाकणे, न बोलणे, ‘आता पुरे’ असे वारंवार म्हणणे या खिन्नतेच्या खुणा आहेत आणि खिन्नतेवर उपचार आहेत. त्या डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात.

घरात वजनकाटा, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, मापाची बाटली आणि एक वही एवढी सामग्री असली की काम सुरू करता येते. वहीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात : वजन, रक्तदाब आणि हातातील थरथर आहे की नाही. ही वही प्रत्येक डायलिसिसला सोबत न्यावी. १५६ तासांत घरी काय घडले, हे केंद्रातील डॉक्टरांना त्या पानांवरूनच कळते.